चौपन्न पायऱ्या

आम्ही नेरुळला राहतो. सिडकोच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तळापासून आमच्या दारापर्यंत चौपन्न पायऱ्या आहेत. इतकी वर्षं चढलो-उतरलो, पण कधी मोजल्या नव्हत्या. अम्मी पडली, तेव्हा मोजल्या.

अम्मीचं वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे वजू करायला उठली आणि न्हाणीघरात घसरली. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया करून आत सळी घातली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं. आता फिजिओथेरपी नीट करून घ्या." फिजिओथेरपीला मराठीत भौतिकोपचार म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण ती कुणाकडून करून घ्यायची, हे ठाऊक नव्हतं. नुसते शब्द गोळा करणाऱ्या माणसाची ही अशी गत होते.

ओळखीतल्या एकानं नंबर दिला. ते गृहस्थ रोज सकाळी येत. महिन्याचे पैसे आधीच घेतले होते. यंत्राच्या पट्ट्या अम्मीच्या मांडीला लावायच्या, वीस मिनिटं मोबाइल बघायचा, पट्ट्या काढायच्या आणि निघायचं. पायाला मुंग्या येत, त्यामुळे काहीतरी होतंय असं अम्मीला वाटे. यंत्र आहे म्हणजे उपचार असणारच, असं मलाही वाटे. महिना संपला तेव्हा अम्मीची मांडी पार वाळली होती, गुडघा आखडला होता आणि दोघांनी धरल्याशिवाय ती पलंगावरून उठत नव्हती. मग चौकशी केली. गृहस्थांकडे पदवीच नव्हती. कुठल्याशा दवाखान्यात ते मदतनीस होते. त्यांनी फसवलं हे खरं, पण मी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

मग पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुचवलेली एक तरुण मुलगी घरी आली. तिच्याकडे यंत्र नव्हतं. आधी तिनं रुग्णालयाचे कागद वाचले, एक्स-रे उजेडात धरून पाहिला. रक्तदाब, मधुमेह, चालू गोळ्या, सगळं विचारलं. मग अम्मीच्या शेजारी बसून म्हणाली, "आजी, तुम्हाला काय करता यायला हवंय?"

महिनाभरात हा प्रश्न कुणीच केला नव्हता. मीसुद्धा नाही. अम्मी म्हणाली, "मला माझी माझी संडासला जाता आलं पाहिजे. खाली उतरता आलं पाहिजे. आणि जमिनीवर बसून नमाज पढायची आहे."

मुलगी म्हणाली, "पहिली दोन करू. तिसरं एवढ्यात नाही. तोवर खुर्चीवर बसून पढा." अम्मी हिरमुसली. पण त्याच घडीला माझा या मुलीवर विश्वास बसला. जे होणार नाही ते 'होईल' म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाऊल वर-खाली करायचं, खुर्चीतून हातांच्या आधारानं उठायचं आणि बसायचं, असे व्यायाम तिनं शिकवले. ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिले. वॉकरची उंची मनगटाशी येईल अशी करून दिली. "मी आठवड्यातून तीनदा येईन. बाकीचं तुम्ही दोघांनी करायचं," असं बजावलं. एकदा अम्मीची पोटरी सुजलेली आणि गरम दिसली. तिनं व्यायाम थांबवला आणि त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायला लावलं. शस्त्रक्रियेनंतर शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि अशा वेळी चोळणं धोक्याचं असतं. तपासणीत काही निघालं नाही. पण कुठे थांबायचं हे तिला कळत होतं.

या विद्येशी मुंबईचं जुनं नातं आहे, ते मला नंतर वाचताना कळलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण करताना या आईच्या ध्यानात आलं, की अशा मुलांसाठी मुंबईत काही सोयच नाही. १९४७ साली त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी केंद्र उभं केलं. त्याच कामातून पुढे हाजीअलीचं मुलांचं रुग्णालय झालं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९५२ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली, त्यामागेही पोलिओची साथच होती. आज नवी मुंबईत नेरुळला आणि कामोठ्याला भौतिकोपचाराची महाविद्यालयं आहेत. म्हणजे शिकलेली माणसं आपल्या दारापाशी आहेत आणि आपण मात्र ओळखीच्या नंबरावर विसंबतो.

तेव्हा श्रोतेहो, माझ्या चुकीतून शिकलेले चार प्रश्न सांगतो. पहिला, पदवी आणि परिषदेची नोंदणी आहे का? पदवीला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. ज्यानं ती कष्टानं मिळवली, त्याला प्रमाणपत्र दाखवायला संकोच वाटत नाही. दुसरा, हात लावण्याआधी त्यानं तपासलं का, कागद वाचले का? तिसरा, घरी करायचा व्यायाम शिकवला का? नुसतं यंत्र लावणारा आपल्याला त्याच्यावर अवलंबून ठेवतो, चांगला माणूस त्याची गरज संपवत आणतो. चौथा, किती दिवस आणि कशासाठी, हे तो सांगतो का? सगळे पैसे आधी मागत असेल, तर जरा थांबा. आणि घरातल्या बाईला पुरुषाच्या हातून उपचार नको असतील, तर ते आधीच मोकळेपणानं सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अम्मीनं पहिला महिना अंग चोरून काढला, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

अडीच महिन्यांनी जिना आला. मुलीनं मंत्र दिला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात काठी. ती एक पायरी खाली उभी, मी मागे. अम्मी प्रत्येक पायरीला बिस्मिल्ला म्हणत होती. चौपन्न पायऱ्यांना पंचवीस मिनिटं लागली.

अम्मी आजही काठी घेऊन चालते. सजद्याला तिचं कपाळ जमिनीला टेकत नाही. वाया गेलेला तो महिना मिळाला असता तर टेकलं असतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

त्या दिवशी खाली पोचल्यावर शेजारच्या बायका गोळा झाल्या. कुणीतरी खुर्ची आणली, कुणी चहा. अम्मीनं वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं आणि त्या मुलीला म्हणाली, "पोरी, उतरवलंस खरं. आता वर कोण चढणार?"

मुलगी म्हणाली, "तुम्हीच. चांगला पाय आधी."