राजीनामा म्हणजे परवानगीचा अर्ज नव्हे

(कासुर्डी, ता. दौंड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूर रस्त्याने कुरकुंभ एमआयडीसीकडे कामाला जाणारी आपली मुलं मी रोज पाहतो. नोकरी मिळवायची कशी, हे त्यांना सगळे सांगतात. ती सोडायची कशी, हे कुणी सांगत नाही.

पंचविशीत मी एका कारखान्यात होतो. दुसरीकडे बरं काम मिळालं. साहेब म्हणाले, "तीन महिने सोडणार नाही. गेलास तर या महिन्याचा पगार विसर." अब्बा म्हणाले, "भांडू नकोस. उद्या आपली आणखी पोरं तिथं लागायची आहेत." मी गुपचूप निघून आलो. वीस दिवसांची कमाई बुडाली. नंतर नेमणूकपत्र वाचलं. नोटीस एकच महिन्याची होती. नाहीतर तेवढा पगार भरून मोकळं होता येत होतं. कागद माझ्याच घरात होता!

म्हणून नीट ऐका. खासगी नोकरीत कोर्टसुद्धा कुणाला जबरदस्तीने कामावर बसवत नाही. कंपनी करारात लिहिलेले नोटिशीचे पैसे मागू शकते. केलेल्या कामाचा पगार ही वेगळी गोष्ट. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतनही कामाच्या दोन दिवसांत द्यावं लागतं.

पण बंधन आपल्यावरही आहे. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पुरी होण्याआधी नोकरी सोडली. बाँडप्रमाणे त्याला दोन लाख रुपये भरावे लागले. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. म्हणजे सही करण्याआधी वाचा. दिलेला शब्द पाळायला आपल्याला घरातच शिकवतात; पण शब्द काय दिला, तेही ठाऊक हवं.

चार गोष्टी लक्षात ठेवा. नेमणूकपत्राची प्रत जवळ ठेवा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. राजीनामा तोंडी नको. तारीख आणि शेवटचा दिवस लिहून ईमेलने पाठवा किंवा पोच घ्या. नोटिशीच्या काळात काम चोख करा, हजेरीची नोंद ठेवा.

तरीही पगार अडवला, तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा. दौंडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. औद्योगिक कामगारांना आणि महिलांना तिथून मोफत वकील मिळतो.

अब्बांची भीती खोटी नव्हती. एकट्या पोराला साहेब दाबतोच. पण गावातली दहा पोरं आपापला कागद वाचून उभी राहिली, की "पगार विसर" म्हणताना तो दोनदा विचार करील. आज घरी गेल्यावर एकच काम करा. आपलं नेमणूकपत्र काढा आणि नोटिशीची ओळ शोधा.