सायकलची पडशी



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर बसून ऐकावे, अशी आजवरची वहिवाट आहे. मी शाळा नववीत सोडली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि उसन्या पुस्तकांवर झाले. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘कामगार चळवळीतील माझे अनुभव’ असा विषय सुचविला होता. मी त्यांना म्हटले, मी सायकलविषयी बोलेन. लांबच्या प्रवासासाठी सायकल कशी सिद्ध करावी आणि तिच्यावर सामान कसे लादावे, एवढेच सांगेन. चालक जरा विचारात पडले; पण त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. तुम्हांला वाटेल की हा गृहस्थ चळवळ सोडून पंक्चर काढायला बसला. तसे नाही. माझ्या हातून चळवळीत जी एक मोठी चूक झाली, ती सायकलच्या कॅरिअरवर झाली, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

आपल्या अंबरनाथला सायकलचे कौतुक सांगण्याची गरज नाही. पाळीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडताना ज्यांनी पाहिला, त्यांतले कित्येक जण या सभेत बसलेले आहेत. जेवणाचा डबा हँडलला, पोर पुढच्या दांडीवर, रेशनची पिशवी मागे. एवढा संसार ओढणारी ती गाडी. पण घर ते कारखाना हा दोन-चार मैलांचा पल्ला निराळा आणि दहा दिवसांचा प्रवास निराळा, हे मला चाळिशीच्या घरात येईपर्यंत ठाऊक नव्हते.

२००९ साली आमच्याकडचा एक कारखाना बंद पडून दीड वर्ष होत आले होते. त्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. कामगार पांगले होते. जुन्नर, ओतूर, अकोले या बाजूची बरीच मंडळी भाड्याची खोली परवडेना म्हणून आपापल्या वाड्या-वस्त्यांवर परत गेली होती. १९७२ च्या उपदान कायद्याप्रमाणे, ज्याला आपण सगळे ग्रॅच्युइटी म्हणतो, वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने त्यांचे पैसे निघत होते. अर्ज करायचे तर प्रत्येकाची सही किंवा अंगठा हवा. माझ्या वहीत अशी त्रेचाळीस नावे होती. बहुतेकांचे फोन बंद. पत्रे टाकली, त्यांना उत्तरे आली ती पाच. एस.टी. ओतूरच्या स्थानकावर सोडते. तेथून वाड्या तीन कोस, पाच कोस. युनियनच्या पेटीत जीपचे भाडे नव्हते. तेव्हा मी ठरविले की सायकलने जायचे.

स्टेशनाच्या पूर्वेला आमचे एक सायकलवाले मामा होते. घरची जुनी काळी अठ्ठावीस इंची सायकल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. मामांनी ती उलटी उभी केली, मागचे चाक फिरवले आणि म्हणाले, “सांगाडा चांगला आहे. या सांगाड्यावर तुझी दोन पोरे म्हातारी होतील. पण मागचे आरे बदल. जाड गेजचे चाळीसच्या चाळीस नवे घाल, आणि चाकाचा आउट मी स्वतः काढून देतो. मग फ्रीव्हील बदल.”

फ्रीव्हीलचे गणित त्यांनी मला खडूने फरशीवर मांडून दाखविले. पुढच्या चक्राला दात चव्वेचाळीस, मागे अठरा. पायडलाचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे उत्तम. घाटात मात्र छाती फुटते. मागे बावीस दातांचे फ्रीव्हील बसविले, तर त्याच फेऱ्यात सायकल साडेचार मीटरच्या आत-बाहेर जाते. वेग कमी होतो, पण तेवढाच जोरही कमी लागतो. गिअरची महागडी सायकल हेच काम दहा-वीस प्रकारे करते. आपण ते एका प्रकारे करायचे.

मी फ्रीव्हील बदलले. चेनमध्ये कड्या वाढविल्या, ब्रेकची रबरे नवी घातली, क्रँकच्या कॉटर पिना ठोकून घेतल्या, दोन्ही चाकांतले छर्रे बदलून ग्रीस भरले. आरे मात्र बदलले नाहीत. ते पैसे मी झगझगीत दिव्यावर आणि मैल मोजणाऱ्या यंत्रावर खर्च केले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दिव्याकडे पाहिले.

आता सामानाचे ऐका. आपल्या मराठीत ‘खोगीरभरती’ हा फार नेमका शब्द आहे. माझी खोगीरभरती अशी होती: रॉकेलचा स्टो, दोन पातेली, पाच लिटरचा डबा, दोन घोंगड्या, तीन जोड कपडे, सहा पुस्तके, आणि चार किलो हस्तपत्रके. ज्या वाडीत सगळे मिळून बारा उंबरे, तेथे मी चार किलो पत्रके घेऊन निघालो होतो! हे सगळे एकावर एक रचून कॅरिअरवर दोरीने आवळले. भरले सव्वीस किलो. त्याच्या माथ्यावर, हाताशी राहावी म्हणून, अर्जांची शबनम पिशवी.

मे महिन्याच्या अखेरीस निघालो. बदलापूर, बारवी धरणाचा रस्ता, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. पहिल्याच दिवशी सायकल मागून डुलू लागली. उंच रचलेले ओझे प्रत्येक पायडलाला डावी-उजवीकडे झुलत होते आणि पुढचे चाक हलके पडून हँडल ऐकत नव्हते. माळशेजच्या पायथ्याशी टणकन आवाज झाला. मागचा एक आरा तुटला होता.

आरा का तुटतो, हे नंतर मामांनी समजावून दिले. चाक फिरताना जो आरा जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो. एका मैलात हे सातशेच्या वर वेळा होते. आरा नीट ताणलेला असेल तर तो हा फरक सोसतो. ढिला असेल तर दर फेऱ्याला पुरता सैल पडतो आणि पुन्हा झटका खातो, आणि हबच्या भोकाशी जेथे त्याला वाक दिलेला असतो तेथे एक दिवस तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो. मग तेही जातात. संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे चाकाकडे पाहून कळायला हवे होते, पण कळले नाही.

तीन आरे तुटलेली सायकल ढकलत मी घाट चढलो. माथ्यावर एका टपरीत रात्र काढली. पुढे ओतूरला चाक दुरुस्त केले आणि वाड्या फिरू लागलो. लोकांनी पिठलं-भाकरी पुढे केली, जागा दिली. स्टो एकदाही पेटविला नाही. आठ दिवसांत एकतीस जणांचे अर्ज झाले. सह्या थोड्या, अंगठे फार.

परतताना घाटमाथ्यावर मढच्या पुढे वळवाच्या पावसाने गाठले. तो पाऊस कसा कोसळतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक धरेना, म्हणून घाट पायी उतरलो. टोकावड्याला पोचून शबनम उघडली, तर वरचे नऊ अर्ज निळे झाले होते. स्टँप पॅडची शाई पसरून अंगठ्यांच्या रेषा पुसल्या होत्या. घोंगड्या मात्र आतल्या बाजूला कोरड्या ठणठणीत!

त्या नवांपैकी एक आमचे तात्या. खात्यात सत्तावीस वर्षे फिटर होते. त्यांचा अंगठा घेतला तेव्हा ते बाजेवर होते आणि मला म्हणाले होते, “एवढ्या लांब सायकलीवर आलास? मग काम होणार बघ.” मी पुन्हा गेलो ते श्रावण संपल्यावर. तात्या आषाढातच गेले होते. कारखान्याच्या दप्तरात त्यांनी वारस नेमल्याचा कागद सापडेना. मग मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, तालुक्याच्या खेपा. जे काम एका अंगठ्यावर होणार होते, त्यासाठी काकूंना तीन वर्षे लागली. पैसे अखेर मिळाले. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

त्या दुसऱ्या खेपेची तयारी कशी केली, ते आता सांगतो. कारण तुमच्यापैकी तरुणांना उपयोगी पडेल ते हेच.

आधी आरे. सगळे जाड गेजचे, नवे, आणि मामांनी एकेक निपल फिरवून, बोटाने छेडून, एका सुरात आणलेले. सोबत चार जादा आरे आणि फ्रीव्हील काढायचा पाना, कारण फ्रीव्हीलच्या बाजूचा आरा ते काढल्याशिवाय ओवता येत नाही.

मग सामान. आपल्याकडे एके काळी लमाणांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ वाहून नेत. बैलाच्या पाठीवर गोण दोन्ही बाजूंना सारखी लोंबे. खांद्यावरची आपली पडशीही तशीच, एक तोंड पुढे, एक मागे. मी उल्हासनगरच्या एका शिलाईवाल्याकडून जाड ताडपत्रीची तशी पडशी शिवून घेतली. ती कॅरिअरवरून दोन्ही बाजूंना सोडली, म्हणजे ओझे चाकाच्या आसापाशी खाली आले. टाच तिला लागू नये म्हणून थोडी मागे सरकवली, आणि आऱ्यांत जाऊ नये म्हणून मागे दोन लोखंडी सळ्या लावल्या. दोन्ही बाजू वाण्याच्या तराजूवर तोलल्या. थोडे वजन पुढे हँडलच्या पिशवीत दिले, की पुढचे चाकही आपले काम करते.

काय न्यावे, यासाठी घरी जमिनीवर तीन ढीग केले. रोज लागणारे पहिल्यात; क्वचित लागेल, पण नसले तर प्रवास थांबेल असे दुसऱ्यात; आणि ‘असू द्यावे’ म्हणून उचललेले तिसऱ्यात. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला. तो घरी राहिला. उरले ते असे: हत्यारे, पंप, ट्यूब आणि सोल्युशन मिळून दोन किलो, कपडे दोन, अंथरूण अडीच, खाणे-पाणी तीन, कागद दीड. एकूण अकरा किलो. हत्यारे तळाशी, पण दुसरे काही न उपसता हाती येतील अशी. पावसाचे कापड सर्वांत वर. आणि कागद? ते प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, तोंडे बांधून, सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात शिवलेल्या चपट्या पिशवीत. ती जागा हलत नाही, पडली तरी आपटत नाही, आणि माझ्या गुडघ्यांच्या मध्ये असते. बाकी सगळे भिजले असते तरी चालले असते.

असा विचार थोरांनीही केला असलाच पाहिजे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. एका फ्रेंच पदयात्रिकाचे व्याख्यान ऐकून त्यांना ही ओढ लागली होती. तेव्हा व्याख्यानमालांना कमी लेखू नका! सहांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी १९२८ च्या मार्चमध्ये, सुमारे चव्वेचाळीस हजार मैल तुडवून, प्रदक्षिणा पुरी केली. वाटेत वाळवंटे होती. ज्याला वाळवंट ओलांडायचे आहे, त्याला पाण्यासाठी जागा करायची तर काय टाकून द्यावे हे रोज ठरवावेच लागले असेल. पुढे १९८५-८६ मध्ये बाबा आमट्यांच्या ‘भारत जोडो’ यात्रेत शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर गेल्या. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नव्हते. ते गाडीत आडवे पडून बरोबर होते. त्या मुलामुलींच्या सायकलींवर मोजके सामान होते, पण ती कशासाठी चालली आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते.

आज आपल्या गावची मुले रविवारी गिअरच्या सायकली घेऊन बारवीला, माळशेजला जातात. मला पाहून फार आनंद होतो. ती मला विचारतात, काका, कोणती सायकल घेऊ? मी सांगतो, घरात असेल ती घे, आधी मागचे चाक बघ आणि दिवा शेवटी घे. मग सामान भरताना एक वस्तू हातात धर आणि विचार, ही भिजली, हरवली, तर नुकसान कोणाचे? माझे असेल तर कोठेही ठेव. दुसऱ्याचे असेल तर तिची जागा सर्वांत आधी ठरव, आणि मग उरलेल्या जागेत आपला संसार बसव.

दुसऱ्या खेपेला मी नऊपैकी आठ अंगठे पुन्हा आणले आणि राहिलेल्या बारांपैकी दहा जणांना गाठले. तेव्हाही पाऊस लागला. टोकावड्याला मी तीच टपरी गाठली, पिशवी उघडली, आणि कागद एकेक करून मोजले. सगळे कोरडे होते. नवव्या कागदाची जागा मात्र मोकळी होती. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ते पान मी अधूनमधून उघडतो.