विहिरीतून वर आलेली गोष्ट



नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की मनसर येतं, आणि तिथून उजवीकडे वळलं की रामटेक. रामटेकच्या दक्षिणेला नगरधन. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. याच घराण्याची दुसरी शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला राज्य करत होती. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. पाचव्या शतकाच्या अखेरीस हरिषेणाचं राज्य फार मोठं होतं, आणि त्याच्यामागून थोड्याच काळात ते नाहीसं झालं. कसं झालं, ते सांगणारा एकही शिलालेख नाही, एकही ताम्रपट नाही. आहे ती एक कथा, तीही चोर, जुगारी, गणिका आणि ढोंगी साधू यांनी गजबजलेल्या एका पुस्तकातली.

ते पुस्तक म्हणजे दंडीचं ‘दशकुमारचरित’. दंडी इसवी सन ७००च्या आसपासचा, कांचीच्या पल्लवांच्या आश्रयातला. पण त्याच्या घराण्याची वाट आपल्या बाजूनं गेलेली आहे. ‘अवंतिसुंदरीकथे’त त्याच्या पूर्वजांचं गाव अचलपूर असं आलं आहे, आणि ते अमरावती जिल्ह्यातलं अचलपूरच असं मानलं जातं.

संस्कृत गद्य म्हटलं की आपल्या मनात लांबलचक समास आणि देवादिकांची वर्णनं येतात. दंडीकडे समास आहेतच, पण त्याची माणसं रस्त्यावरची आहेत. त्याचा अपहारवर्मा रात्री घरं फोडायला निघतो तेव्हा दोरी घेतो, मापाचा दोरा घेतो, चिमटा घेतो आणि भुंग्यांनी भरलेली एक डबीही घेतो. आत शिरल्यावर डबी उघडायची, भुंगे दिव्यावर झडप घालतात आणि अंधार होतो. मरीची नावाच्या ऋषीला एक गणिका तपोवनातून उठवून शहरात आणते, आणि तो तिच्या पैजेचा विषय झालाय हे त्याला भर राजसभेत कळतं. हा लेखक कुणालाही सोडत नाही.

असं लिहिणारा जगात आणखी कोण होता, असं विचारलं तर मला रोमचा पेट्रोनियस आठवतो. पहिल्या शतकात, नीरो बादशहाच्या काळात त्यानं ‘सॅटिरिकॉन’ लिहिलं. दोन्ही पुस्तकं मुख्यतः गद्यातली, दोन्हींत भटके तरुण, आणि दोन्ही तुटक्या अवस्थेत आपल्यापर्यंत आली. ‘सॅटिरिकॉन’मध्ये ट्रिमाल्किओची मेजवानी आहे. हा पूर्वाश्रमीचा गुलाम, आता अफाट श्रीमंत. त्याच्या जेवणघरात घड्याळ आहे आणि शेजारी तुतारीवाला उभा. आयुष्यातला किती काळ सरला ते मालकाला कळावं म्हणून. हॅनिबलनं ट्रॉय जिंकलं असं तो पाहुण्यांना ठासून सांगतो, आणि कुणी चूक दाखवत नाही. शेवटी तो स्वतःच्याच अंत्ययात्रेची तालीम करवतो. तुताऱ्यांचा आवाज एवढा होतो की आग लागली समजून अग्निशमनवाले कुऱ्हाडी आणि पाणी घेऊन दार फोडून आत येतात.

आता दंडीच्या विदर्भात येऊ. ग्रंथातला आठवा उच्छ्वास, म्हणजे आठवं प्रकरण : विश्रुत या कुमाराची कथा. विदर्भाचा राजा पुण्यवर्मा हा गुणी, कर्तबगार. त्याच्यानंतर मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो. हुशार आहे, कलावंत आहे, पण राजनीतीत मन नाही. वसुरक्षित नावाचा म्हातारा मंत्री त्याला समजावतो, बाबा, दंडनीती शीक. राजा ऐकून घेतो आणि अंतःपुरात येऊन सहज ते सांगतो. तिथे विहारभद्र बसलेला असतो. गाणं, नाच, गोड बोलणं यांत पटाईत, लाच खाण्यात त्याहून पटाईत. तो हसून बोलायला लागतो, आणि संस्कृतातला राजनीतीवरचा सर्वांत धारदार विनोद सुरू होतो.

कौटिल्यानं राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडून दिले आहेत. विहारभद्र ते एकेक घेतो. सकाळी उठून तोंड धुतलं न धुतलं तोच जमाखर्च ऐकायचा. आणि राजा हिशेब ऐकत असतानाच ते लबाड अधिकारी दुप्पट खाणार, कारण चाणक्यानं अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले असले तरी हे लोक स्वतःच्या अकलेनं त्याचे हजार करतात. दुसऱ्या भागात भांडणाऱ्या प्रजेच्या ओरडण्यानं कान भाजायचे. तिसऱ्यात जेवण, पण ते पचेपर्यंत विषाची धास्ती. पुढे सोनं गोळा करण्यासाठी हात पसरून उठायचं, मग मंत्र्यांबरोबर मसलत, आणि मंत्री तर आतून एकमेकांना मिळालेले. रात्री हेरांच्या गाठी, झोपेला जेमतेम थोडा वेळ, आणि चिंतेनं पोखरलेल्या माणसाला त्यात झोप कुठली? पहाट झाली की पुरोहित हजर : वाईट स्वप्न पडलं, ग्रह वाकडे आहेत, शांत करायला हवी, भांडी सगळी सोन्याची हवीत. आणि ज्यांनी ही शास्त्रं लिहिली, त्या शुक्रानं, विशालाक्षानं, पराशरानं तरी काम-क्रोध जिंकले होते का?

हे वाचताना हसू आवरत नाही. मी कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी बाजू विहारभद्राची होती. यातलं बरंच खरंही आहे. चाळीस प्रकार ‘अर्थशास्त्रा’त खरोखर आहेत; अधिकारी पैसा कधी खातात ते कळत नाही, हेही कौटिल्याला माहीत होतं. दंडीनं हा विनोद मुद्दाम दुबळा केलेला नाही. ट्रिमाल्किओच्या घड्याळाला आपण हसतो तेव्हा हसू ट्रिमाल्किओवर असतं. विहारभद्र मात्र आपल्याला घड्याळावरच हसायला लावतो, आणि आपण त्याच्या बाजूला जाऊन बसल्याचं आपल्याला कळत नाही. अनंतवर्म्याचंही तेच झालं.

एका जागी मला या दोन लेखकांची गाठ फार खोलवर पडलेली दिसते. टॅसिटस या इतिहासकारानं नीरोच्या दरबारातल्या एका पेट्रोनियसचं चित्र काढलं आहे, आणि ‘सॅटिरिकॉन’चा कर्ता तोच असं बहुतेक अभ्यासक धरतात. दिवसा झोपायचा, रात्री जगायचा. सुंदर काय, रसिक काय, हे नीरो त्याला विचारून ठरवायचा. म्हणजे तो स्वतःच एका राजाचा विहारभद्र होता. फरक एवढा की तो लाचखाऊ नव्हता, आणि बिथिनिया प्रांताचा कारभार त्यानं चोख केला होता. इसवी सन ६६मध्ये नीरोची मर्जी फिरली. पेट्रोनियसनं नसा कापून घेतल्या, मित्रांशी हलकंफुलकं बोलत मरण हळूहळू येऊ दिलं, आणि मृत्युपत्रात बादशहाची स्तुती लिहिण्याऐवजी त्याच्या अनाचारांची यादी लिहून मोहोर लावून त्यालाच पाठवली. मग मोहोरेची अंगठी मोडून टाकली, तिचा वापर करून दुसऱ्या कुणाला अडकवता येऊ नये म्हणून. राजाला हसवणाऱ्या माणसाला राजा कसा दिसत होता, ते त्या यादीत होतं. दंडीनं तीच खोली बाहेरून पाहिली, काळाच्या अंतरावरून.

अंतर किती, ते सांगण्याचं श्रेय नागपूरचं आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी इथल्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. वाकाटकांचे लेख त्यांनी संपादित केले. तो ग्रंथ १९६३मध्ये निघाला. त्याच्याही आधी त्यांनी मांडलं होतं की दंडीची ही कथा कपोलकल्पित नाही : पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, आणि अनंतवर्म्याचा नाश म्हणजे वाकाटकांचा अस्त, नावं बदललेली, पण राजकारण खरं. सगळ्यांना ते पटलं असं नाही. पण अजिंठ्याचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या वॉल्टर स्पिंक यांनी लेण्यांचा कालक्रम लावताना याच कथेचा आधार घेतला. कथेत विदर्भाचा घात करतो तो अश्मकाचा राजा, आणि अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातला लेख अश्मकाच्या मंत्र्याचा गौरव करतो. मला मिराशींचं म्हणणं पटतं. ज्या वाकाटकांच्या नगरधन परिसरात आपण सहलीला जातो, त्यांच्या राज्याचा शेवट कुणीतरी हसत हसत केला, हा विचार तिथून परतताना दर वेळी माझ्याबरोबर येतो.

शेवट कसा झाला? अश्मकाचा राजा वसंतभानू यानं आपल्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित विदर्भात पाठवला. तो विहारभद्राला नाना खेळांनी आपलंसं करून राजाजवळ पोचला. शिकारीनं चरबी झडते, पाय हलके होतात, जनावरांचं मन कळतं, शेतकऱ्याची पिकं वाचतात. जुगारानं पैसा गवताच्या काडीसारखा सोडायची उदारता येते. असं एकेका व्यसनाचं शास्त्र त्यानं रचलं. राजा व्यसनात, म्हणून अधिकारी व्यसनात, म्हणून प्रजा व्यसनात. मग शत्रूची माणसं शिकारीच्या रानात वणवे लावू लागली, विषप्रयोग करू लागली. सैन्य पोखरलं गेल्यावर वनवासीच्या भानुवर्म्याला चढाईला उठवलं, कोकण, कुंतल, नासिक्य इथल्या मांडलिकांना फोडलं, आणि अनंतवर्मा लढाईत पडला.

ही सगळी हकीकत दंडी कुणाच्या तोंडून सांगतो, ते पाहा. विश्रुत विंध्याच्या रानातून चाललेला असतो. एका विहिरीजवळ आठेक वर्षांचा मुलगा तहान-भुकेनं कासावीस उभा दिसतो. त्याच्यासाठी पाणी काढता काढता त्याचा म्हातारा सोबती आत पडलेला असतो. विश्रुत वेलीच्या आधारानं म्हाताऱ्याला वर ओढतो, बांबूच्या नळीनं पाणी काढून मुलाला पाजतो, दगड मारून उंच लकुचाच्या झाडावरची पाचसहा फळं पाडतो. मूल खातं. ते मूल म्हणजे अनंतवर्म्याचा मुलगा भास्करवर्मा, विदर्भाचा राजपुत्र. म्हाताऱ्याचं नाव नालीजंघ. अंगावरचं विहिरीचं पाणी वाळलेलं नसताना, झाडाखाली बसून, विहारभद्राचा तो सगळा विनोद शब्दन्शब्द तो विश्रुताला सांगतो, आणि राजपुत्र शेजारी बसून फळ खात असतो.