पाव दिवसाचा हिशेब
(गणेशोत्सवात झालेले भाषण)



यंदा गणपती लवकर की उशिरा, याची चर्चा दरवर्षी घरोघरी होते. चतुर्थी दर साल साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. म्हणून बाप्पा पावसाळा सोडून जात नाहीत. ज्यांनी अशी सोय केली नाही, त्या प्राचीन इजिप्तची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

तिथली शेती नाईलच्या पुरावर चाले. पुराची खूण त्यांना आकाशात सापडली. व्याधाचा तारा सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या तेजात लोपून जाई. तो पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागला की पूर येण्याचा काळ जवळ आला असे समजत. वर्षाचे ऋतू तीन : आखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पेरणी-उगवण आणि शेमू म्हणजे सुगी. प्रत्येकी चार महिने, महिना तीस दिवसांचा. झाले 360. वरचे पाच दिवस पाच देवतांच्या जन्माचे. एकूण 365. ना तिथीची वृद्धी, ना क्षय! हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला याहून सोपे काय हवे? आम्ही सरकारी नोकर, आम्हाला त्याचे सुख लगेच कळते.

पण खरे वर्ष त्याहून सुमारे पाव दिवसाने मोठे. तो पाव दिवस हिशेबातून सुटला. चार वर्षांत एक दिवस, 120 वर्षांत एक महिना! पुराचे म्हटलेले महिने सरकत सरकत भलत्याच ऋतूत जाऊ लागले. फेरा पुरा व्हायला 1460 वर्षे लागत. इ.स.पू. 238 मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळात कनोपस येथे पुरोहितांची सभा भरली. हिवाळ्यातले सण उन्हाळ्यात जाऊ नयेत म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस वाढवावा, असे ठरले. ठराव दगडावर कोरला. पण अमलात आला नाही. पुढे अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसच्या सल्ल्याने ज्यूलियस सीझरने रोममध्ये हीच सुधारणा केली, ती इ.स.पू. 45 पासून लागू झाली. आपल्या भिंतीवरची 29 फेब्रुवारी तिथूनच आली. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आणि इथिओपियाचे लोक आजही बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच-सहा दिवसांचा मानतात.

आता आपल्याकडे पाहू. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. एके काळी मकर संक्रांतही त्याच सुमारास येई. आज ती 14-15 जानेवारीला येते आणि साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून 1957 साली ऋतूंशी जुळणारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. भारताच्या राजपत्रावर ती छापली जाते. आपल्यापैकी किती जणांना आजची तिची तारीख सांगता येईल? आम्हालाही पाहावी लागली.

संक्रांत बदला, असे आम्ही म्हणत नाही. तिळगूळ कोणत्याही तारखेला गोडच. पण 'आज उत्तरायण सुरू झाले' असे मुलांना सांगताना, ते तीन आठवड्यांपूर्वीच झाले, एवढे तरी खरे सांगावे. चूक पाव दिवसाचीच असते. ती वेळेवर कबूल केली नाही की पुरात सुगी येते.

गणपती बाप्पा मोरया!