शिल्लक ठेवायची कशासाठी?



"शिल्लकीला हात लावू नये," असं घरोघरी सांगतात. सल्ला वाईट नाही. पण हिशेब न मांडता पाळला, तर अंगाशी येतो.

आमच्या शेजारचे एक तात्या. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी ५०,००० रुपये दरसाल शेकडा ६ व्याजानं बँकेत मुदतीनं ठेवले होते. ऐन पेरणीत बैल मेला. तात्यांनी ठेव तशीच ठेवली आणि सावकाराकडून तेवढेच रुपये दरमहा शेकडा २ नं उचलले. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "गुरुजी, ठेव मोडणं म्हणजे लेकीचं लग्न मोडणं!"

मग आम्ही पाटी घेतली. ठेवीचं व्याज वर्षाला ३,००० रुपये, कर्जाचं १२,०००. म्हणजे लग्नातले ९,००० रुपये दरसाल सावकाराच्या घरी! 'शेकडा दोन' कानाला लहान वाटतं. पण ते महिन्याचं. वर्षाचं चोवीस होतं.

तात्या बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्यानं व्याज थोडं कमी मिळालं, पण कर्ज फिटलं. व्याजाचे महिना हजार रुपये आता ते लेकीसाठी बँकेत भरतात.

ज्यांना ठेव मोडवत नाही, त्यांनी ठेवीवर बँकेचं कर्ज मिळतं का, ते विचारावं. दुखण्याखुपण्यापुरती रक्कम मात्र हाताशी असावी.

नियम वडिलांचा असो की शेजाऱ्याचा, आधी दोन्ही व्याजं शेजारी-शेजारी लिहा. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात घालावं. मुलं ते घरी नेतील.