रविवारचा अंडापाव

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरात आठवडाभर सकाळ लोकलच्या वेळेला बांधलेली. रविवारी मात्र घर एकत्र बसतं. त्या दिवसासाठी फ्रेंच टोस्ट करूया.

यासाठी कालचाच ब्रेड घ्या. ताजा ब्रेड मऊ असतो, मिश्रणात घालताच गळून पडतो. शिळा थोडा सुकलेला असतो, त्यामुळे अंडं-दूध शोषूनही आकार धरतो. फ्रान्समध्ये या पदार्थाचं नावच ‘वाया गेलेला पाव’ अशा अर्थाचं आहे. रोमन काळातल्या आपिसियसच्या पाकग्रंथातही दुधात भिजवून तळलेल्या, वर मध घातलेल्या पावाची कृती आहे. उल्हासनगरला तर शिळ्या ब्रेडचं मोल वेगळं सांगायला नकोच. फाळणीनंतर इथल्या छावणीत वसलेल्या सिंधी कुटुंबांचा ‘सेयल डबल’ म्हणजे लसूण, कोथिंबीर, टोमॅटोच्या मसाल्यात शिजवलेले ब्रेडचे तुकडे. फार चविष्ट!

आठ स्लाइसना चार अंडी, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ. गोड हवं तर दोन चमचे साखर आणि वेलची. तिखट हवं तर साखरेऐवजी बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर. स्लाइस दोन्ही बाजूंनी बुडवा, निथळू द्या, तुपावर भाजा. आच मंद ते मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर वरून करपतं, आतलं अंडं कच्चं राहतं. मुलांना अंडी फेटायला द्या, त्यांना ते काम मनापासून आवडतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी बेसनाचं सैल पीठ, ओवा घालून.

पहिला टोस्ट तव्यावरून थेट ताटात वाढा, गरम असतानाच.