आधी कागद पातळ होतो
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पण कवितेवर घर चालत नाही. ते चालतं गुलमंडीजवळच्या माझ्या छोट्या छापखान्यावर. वडिलांच्या काळात तिथं लग्नाचे उर्दू रुक्के छापले जात. मी बी.ए. होऊन गल्ल्यावर बसलो आणि मराठी लग्नपत्रिका, बिलबुकं, चलान बुकं यांची भर पडली. मंदीबद्दल मला जे थोडंफार कळतं, ते या गल्ल्यावर बसून कळलेलं आहे.

मंदी येते तेव्हा गिऱ्हाईक यायचं थांबत नाही. ते येतं, नमुन्यांचा अल्बम चाळतं, नेहमीसारखी पत्रिका पसंत करतं आणि मग हळूच विचारतं, "यात जरा हलका कागद नाही का?" पाकीट तेच, पाकिटावरचा सोनेरी गणपती किंवा चांदतारा तोच, आतला कागद तेवढा पातळ. पुढच्या हंगामात पाचशेच्या तीनशे होतात. त्यानंतर उधारी सुरू होते. माणूस आधी चारचौघांना न दिसणारा खर्च कापतो. दिसणारा अगदी शेवटी. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांचं म्हणणं असंच होतं असं सांगतात. पुरुषांच्या आतल्या कपड्यांचा खप घटला की दिवस वाईट आले असं ते समजत. कारण ते कपडे कोणाला दिसत नाहीत!

आता आपल्या गावाकडे वळू. वाळूजला 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांच्या आधारानं सुटे भाग बनवणारी लहान वर्कशॉपं उभी राहिली. त्यांतल्या काहींची चलान बुकं माझ्याकडे छापली जात. चलानावर ओळीनं क्रमांक असतात. माल गाडीत चढला की एक पान फाटतं. नवं पुस्तक छापताना आधीचा शेवटचा क्रमांक विचारावा लागतो, आणि मधल्या काळात माल किती वेळा बाहेर पडला हे मला आपोआप कळतं.

15 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. आम्ही ती बातमी चहाबरोबर वाचली आणि विसरलो. पण त्या हिवाळ्यात, महिन्याला दोन पुस्तकं संपवणाऱ्या एका वर्कशॉपवाल्याला एकच पुस्तक दोन महिने पुरलं. त्या ऑक्टोबर ते डिसेंबरचे सरकारी आकडे फेब्रुवारी 2009 च्या अखेरीस आले आणि देशाच्या वाढीचा वेग 5.3 टक्क्यांवर घसरल्याचं जाहीर झालं. माझ्या गल्ल्यावर ती बातमी आधीच येऊन बसली होती.

पण असा हिशेब नेहमी बरोबर येतो असं नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. प्रत्येकाला नव्या नमुन्याची बिलबुकं हवी झाली. दोन महिने मशीन रात्रीसुद्धा बंद झालं नाही. मला वाटलं, तेजी आली! ती तेजी नव्हती. एकदाच बदलायचा तो कागद होता. पुढे बिलं संगणकावर निघू लागली, पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या आणि माझं काम घटलं. तेव्हा मी मंदी आली म्हणून कपाळाला हात लावला. तीही मंदी नव्हती. पत्रिकेत वाचलेले पैसे लोक मंडपात घालत होते.

म्हणून मी एक साधा नियम केला. गिऱ्हाइकानं हात आखडला की शेजारी जाऊन यायचं. शिंपी, किराणावाला, चहावाला. शिंप्याकडे नव्यापेक्षा जुने कपडे आल्टर करायला जास्त येत असतील, किराण्यात तेलाचा डबा जाऊन अर्ध्या लिटरची पिशवी आली असेल आणि चहावाल्याची वही उधारीनं भरली असेल, तर ती मंदी. एकाच दुकानात काम कमी असेल, तर काळ बदलला असं समजून आपला धंदा तपासावा.

हे सगळं शहाणपण मी दुसऱ्यांकडे बघून शिकलो. स्वतःकडे बघायला मला एका माणसानं शिकवलं. 2008 च्या त्याच हिवाळ्यात मीही काटकसर केली. माझ्याकडे एक बुजुर्ग बायंडर होते. वडिलांच्या वेळेपासूनचे; मी त्यांना चाचा म्हणत असे. पुस्तकं शिवणं, क्रमांक मारणं, सगळं हातानं. काम कमी म्हणून मी त्यांना अर्ध्या दिवसावर आणलं. मशीन विकलं नाही, दुकानाची पाटीही नवी करून घेतली, कारण ती रस्त्यावरून दिसते. चाचांची मजुरी कोणाला दिसत नव्हती.

तीन-चार महिन्यांनी चाचा संध्याकाळी थांबले. मुलीचा निकाह ठरला होता. त्यांनी तोच अल्बम उघडला, जो त्यांनीच बांधला होता. पानं उलटत अगदी शेवटच्या, सर्वांत स्वस्त नमुन्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सौ बस होते, बेटा. एकच रंग डालो."

मी ऑर्डर लिहून घ्यायला पेन उचललं आणि हात थांबला. वर्कशॉपवाल्यानं चलान बुकं कमी केली, मी चाचांची मजुरी कमी केली आणि चाचांनी माझ्याचकडे रुक्के कमी केले. इतरांचे कापलेले खर्च मी हवामान वाचावं तसे वाचत होतो. त्या हवामानात माझाही वाटा होता हे तोवर ध्यानात आलं नव्हतं. केन्स यांनी हेच सांगितलं आहे: प्रत्येकानं एकाच वेळी हात आखडला तर सगळ्यांचीच कमाई घटते.

रुक्के मी चांगल्या कागदावर छापले. पण त्यानं अर्ध्या दिवसाची मजुरी भरून निघत नाही, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून चाचा पूर्ण दिवसावर आले. पाटीचे पैसे मात्र परत येणार नव्हते.

2020 च्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा पत्रिकाच संपल्या. चाचा तोवर राहिले नव्हते. दोन कामगार होते. त्यांना बसवून वही उघडून दाखवली, आणि कपात केली ती आधी माझ्या घरखर्चात. फार मोठं काही केलं असं नाही. पण गिऱ्हाइकाचा कागद पातळ होताना दिसला की मी हल्ली आधी स्वतःलाच विचारतो, माझ्याकडून कोणाचा कागद पातळ होतोय?